तळघरातला पंप: 5 हजारांचा की 28 हजारांचा?

प्रश्न: "बावधनला टेकडीच्या पायथ्याशी आमचा बंगला आहे. तळघर जमिनीपासून 3 मीटर खोल आहे. तिथे माझं ऑफिस आणि वडिलांची पुस्तकं आहेत. गेल्या दोन पावसाळ्यांत भिंतीच्या कडेने पाणी येतंय. कोपऱ्यात बिल्डरने खड्डा ठेवलेला आहे. एका दुकानात 1 एचपीचा पंप 4,800 रुपयांना सांगितला, दुसरीकडे अर्ध्या एचपीचा परदेशी बनावटीचा पंप 28,000 ला. ताकद निम्मी आणि किंमत जवळजवळ सहापट, हे काय गौडबंगाल आहे? कुठला घेऊ?"

आधी थोडं थांबा आणि यातला कुठलाच घेऊ नका. दोन्ही दुकानांनी तुम्हाला पंप सांगितला, पण मिनिटाला पाणी किती येतं हे एकानेही विचारलं नाही. मी गेली 26 वर्षं पुण्यात पंप बसवतो आणि दुरुस्त करतो. तळघरात पाणी साचलं म्हणून माझ्याकडे जे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांचा पंप एकतर चुकीच्या मापाचा असतो, नाहीतर चांगला पंप चुकीच्या खड्ड्यात बसलेला असतो. किंमत हा त्यानंतरचा प्रश्न.

पाणी मोजायला काही यंत्र लागत नाही. स्टीलची फूटपट्टी आणि फोनमधलं घड्याळ पुरे. संततधार लागलेली असताना खड्ड्यातलं पाणी तळापर्यंत उपसा, पट्टी भिंतीला टेकवून उभी धरा आणि पाणी 10 सेंटिमीटर चढायला किती वेळ लागतो ते बघा. तुमचा खड्डा 60 बाय 60 सेंटिमीटरचा असेल, तर 1 सेंटिमीटर म्हणजे 3.6 लिटर आणि 10 सेंटिमीटर म्हणजे 36 लिटर. समजा त्याला 4 मिनिटं लागली, तर मिनिटाला 9 लिटर पाणी येतंय. ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण दिवसाचं जवळजवळ 13 हजार लिटर होतं, म्हणजे 10 हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. तळघरात उतरायचा जिना बाहेरून उघडा असेल, तर त्याचंही पाणी धरा. 5 चौरस मीटरच्या जिन्यावर तासाला 60 मिलिमीटरची सर कोसळली, तर मिनिटाला आणखी 5 लिटर. मोजलेल्या आकड्याच्या तिप्पट हा वाईट दिवसाचा आकडा समजावा. म्हणजे आपल्या उदाहरणात 30 लिटरच्या आसपास.

हे पाणी येतं कुठून, तेही समजून घ्या, कारण पंपाला दिवसाचे किती तास काम पडणार हे त्यावर ठरतं. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण पाणी सहजासहजी पीत नाही. टेकडीवर पडलेला पाऊस मुरुमातून आणि खडकाच्या सांध्यांतून उताराने सरकत येतो. तुमच्या तळघरासाठी खडक फोडून जी खोदाई केली, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत भर टाकलेली असते. ही भर म्हणजे पाण्याला आयती जागा. घर जणू पाषाणाच्या हौदात बसवलेलं असतं. म्हणून पाऊस थांबला तरी पाणी थांबत नाही. पायथ्याच्या काही घरांत मी दिवाळीपर्यंत ओघ पाहिलेला आहे.

आणि उन्हाळ्यातही खड्ड्यात पाणी येत असेल, तर पंप घ्यायच्या आधी घरातली जमिनीखालची टाकी तपासा. हे मी फार कळकळीने सांगतो. औंधकडच्या एका कुटुंबाने चार वर्षांत तीन पंप बदलले होते. चौथ्यासाठी मला बोलावलं तो एप्रिल महिना होता आणि खड्ड्यात स्वच्छ, थंडगार पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायचे थेंब औषधाच्या दुकानात किंवा पोहण्याच्या तलावाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. ते टाकल्यावर खड्ड्यातलं पाणी पिवळसर झालं. जमिनीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यात क्लोरीन कुठून येणार? मग रात्री टाकीचा इनलेट बंद केला, वापर बंद ठेवला आणि पातळीवर खडूची खूण केली. सकाळी पातळी 4 सेंटिमीटर उतरली होती. टाकीचं वॉटरप्रूफिंग केलं आणि उन्हाळ्यातलं पाणी बंद झालं. तीन पंपांनी चार वर्षं महापालिकेचं पिण्याचं पाणी गटारात टाकलं होतं. खड्ड्याला वास येत असेल किंवा पाण्यावर तेलकट साय दिसत असेल, तर स्वयंपाकघराचा चेंबर फुटलाय, तो आधी बघा.

आता 1 एचपी आणि अर्धा एचपी. पंपाच्या पाटीवर दोन आकडे ठळक असतात: जास्तीत जास्त हेड (पाणी किती उंच चढवतो) आणि जास्तीत जास्त डिस्चार्ज (मिनिटाला किती पाणी देतो). हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पाटीवरच्या पूर्ण हेडला पाणी शून्य असतं आणि पूर्ण डिस्चार्ज मिळतो तो हेड जवळजवळ शून्य असताना. तुम्हाला हवा आहे तो मधला आकडा, तुमच्या हेडला मिळणारा. तो पंपाच्या कर्व्हवर (कुठल्या हेडला किती पाणी, हा आलेख) किंवा तक्त्यात असतो. दुकानदाराकडे तक्ता नसेल, तर तो पंप किती पाणी देईल हे त्यालाही माहीत नाही. तुमचं तळघर 3 मीटर, खड्डा 1 मीटर, पाइप जमिनीच्या वर अर्धा मीटर, असं साडेचार मीटर सरळ उचलायचं. वर पाइपमधलं घर्षण.

इथेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग चूक होते. मिनिटाला 100 लिटर पाणी 10 मीटर लांबीच्या दीड इंची पाइपमधून न्यायला घर्षणात सुमारे अर्धा मीटर हेड जातं. तेच पाणी एक इंची पाइपमधून न्यायला पाच मीटर जातं. दहापट! एल्बो (पाइपचं वळण) आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) धरून दीड इंचीत तुमचं एकूण हेड 6 मीटरच्या आत राहील, एक इंचीत ते 10 च्या वर जाईल. मिस्त्री म्हणतो, "साहेब, घरात एक इंचीचा तुकडा पडलाय, तोच लावतो." त्या तुकड्यापायी लोक 1 एचपीचा पंप घेतात. 100 लिटर पाणी मिनिटाला 6 मीटर उचलायला पाण्याला प्रत्यक्ष 98 वॅट ताकद लागते. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट. छोट्या ड्रेनेज पंपाची कार्यक्षमता कमी असते हे धरूनही अर्धा एचपी पुरून उरतो. तुमच्या घराला 1 एचपीची गरज नाही, पाइप मात्र दीड इंचीच हवा.

मग 28,000 रुपये कशाचे? माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारचे पंप उघडले जातात, म्हणून आतलं सांगतो. पाण्यात बुडालेल्या मोटरचा जीव एका ठिकाणी असतो: शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथल्या सीलमध्ये. स्वस्त पंपात तिथे एकच सील असतं, बहुतेक वेळा कार्बन आणि सिरॅमिकचं, काहींत तर नुसतं रबरी ऑइल सील. मुरुमाचं पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारी पॉलिश पेपरची भुकटी. ती सीलच्या तोंडांना घासते, एक बारीक चर पडते आणि पाणी सरळ वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवर. चांगल्या पंपात दोन सील असतात, खालचं बरेचदा सिलिकॉन कार्बाइडचं, आणि दोघांच्या मधे तेलाचा कप्पा. खालचं सील गेलं तर पाणी तेलात शिरतं, मोटरमध्ये नाही. मे महिन्यात असा पंप सर्व्हिसला आला, की मी तेलाचा स्क्रू काढून चार थेंब तळहातावर घेतो. तेल पारदर्शक असेल तर स्क्रू परत लावायचा. चहात दूध घातल्यासारखं झालं असेल तर सील बदलायचं. हजार-बाराशेत मोटर वाचते. स्वस्त पंप हा इशारा देत नाही. तो थेट बंद पडतो आणि नेमका जुलैत पडतो, कारण चालतोच जुलैत.

दुसरा फरक वाइंडिंगचा. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरली की किंमत उतरते, मोटर जास्त तापते आणि जोड ढिले पडतात. बाहेरून दिसत नाही, म्हणून बिलावर "कॉपर वाइंडिंग" लिहून घ्या. दुकानदार लिहायला कचरला तर उत्तर मिळालं. थर्मल ओव्हरलोड प्रोटेक्टर आहे का विचारा, म्हणजे मोटर तापली की आपोआप बंद होते आणि थंड झाली की चालू. हातात धरून वजनही बघा. एकाच एचपीचे दोन पंप असतील, तर हलक्यात लोखंड आणि तांबं कमी असतं. तिसरी गोष्ट केबल. जिथे ती पंपात शिरते तिथलं ग्लँड (पाणी अडवणारं बूच) स्वस्त पंपात नुसतं दाबून बसवलेलं असतं आणि लोक पंप केबलला धरून उचलतात. पंप नायलॉनच्या दोरीने उचला, केबलने कधीच नाही.

विजेच्या बिलाचा मुद्दा मात्र सोडून द्या. मिनिटाला 9 लिटर ओघ असताना तुमचा पंप दिवसाला दोन तासांहून कमी चालेल, साधारण 1 युनिट. महाग पंप वीज वाचवून पैसे परत करेल असं कोणी सांगितलं, तर हा हिशोब त्याला दाखवा.

आता दुसरी बाजू, कारण महाग पंपाचीही मी अंत्ययात्रा पाहिलेली आहे. तीन वर्षांपूर्वी बाणेरच्या एका घरी उत्तम, स्टेनलेस स्टीलचा पंप एका हंगामात जळला. खड्डा फक्त 30 बाय 30 सेंटिमीटरचा होता. फ्लोटला (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) हलायला जागा नव्हती. तो भिंत आणि पाइप यांच्या बेचक्यात अडकला, वर अडकला म्हणून पंप बंदच झाला नाही आणि कोरडा फिरत राहिला. पंपाला थंड ठेवतं ते भोवतालचं पाणी, तेच नव्हतं. पुढे त्याचा स्पेअर यायला तीन आठवडे लागले, ऐन जुलैमध्ये. त्या घरात चूक पंपाची नव्हतीच, पण पाणी घुसलं ते घुसलंच.

लहान खड्ड्याचं दुसरं दुखणं म्हणजे सारखं चालू-बंद. वरचा 60 बाय 60 चा खड्डा घ्या आणि चालू-बंदच्या पातळीत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. मधे 108 लिटर पाणी मावतं. 9 लिटरच्या ओघाला ते भरायला 12 मिनिटं लागतात आणि 120 लिटर देणारा पंप एका मिनिटात उपसतो. तासाला चार-पाच वेळा सुरू. 30 बाय 30 च्या खड्ड्यात 20 सेंटिमीटर अंतर मिळालं, तर 18 लिटर, दोन मिनिटांत भरतं, म्हणजे तासाला 27 वेळा सुरू. आठ तासांच्या रात्रीत एकीकडे पस्तीस-चाळीस, दुसरीकडे दोनशेच्या वर. सुरू होताना मोटर नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढते. कपॅसिटर, वाइंडिंग आणि फ्लोटमधला स्विच यांचं आयुष्य त्या प्रत्येक झटक्यात झिजतं. आणि एनआरव्ही नसेल, तर उभ्या दीड इंची पाइपमधलं सहा-साडेसहा लिटर पाणी दरवेळी परत खड्ड्यात. 18 लिटर उपसायचे आणि त्यातला तिसरा हिस्सा परत घ्यायचा! एनआरव्ही पंपाच्या वर, हात पोहोचेल अशा उंचीला बसवा आणि त्याच्या खाली, खड्ड्याच्या आत येईल असं, पाइपला 4-5 मिलिमीटरचं एक छिद्र पाडा. त्यातून थोडं पाणी उडतं, ते उडू द्या. हवा अडकून पंप नुसता गुरगुरत राहण्यापेक्षा ते बरं.

तुमचा खड्डा लहान असेल, तर 28,000 तला एक रुपयाही पंपावर घालण्याआधी खड्डा फोडून मोठा करा. काँक्रीटचं काम, वॉटरप्रूफिंग आणि झाकणासह ते दहा-पंधरा हजारांत होतं. महाग पंपापेक्षा ते पैसे तुमच्या तळघराला जास्त वर्षं सांभाळतील.

एक गफलत आणखी होते. दुकानात "सबमर्सिबल द्या" म्हटलं की कधीकधी ओपनवेल पंप हातात येतो, विहिरीचा, आडवा झोपवायचा. पंप उत्तम असतो, पण स्वच्छ पाण्यासाठी. त्याचा बंद इंपेलर (पाणी ढकलणारं, दोन्ही बाजूंनी झाकलेलं चक्र) मुरूम आणि कचऱ्याने चोंदतो आणि तो पूर्ण बुडालेलाच राहायला हवा. पुठ्ठ्यावर भारतीय मानक क्रमांक 14220 दिसला तर समजा तो ओपनवेल आहे. तुम्हाला हवा ड्रेनेज किंवा डीवॉटरिंग पंप, उभा, तळाला जाळी आणि निदान 8-10 मिलिमीटरचा कण सहज जाऊ देणारा.

तर पंपाची निवड. घरात रोज कोणीतरी असतं, पाणी वर्षाला चार-सहा दिवसच येतं आणि तळघरात फक्त सायकली आणि रिकामी खोकी आहेत, अशा घरी मी स्वतः पाच-सहा हजारांचा पंप बसवलेला आहे आणि त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. फक्त दर मेमध्ये तो बादलीत चालवून बघायचा आणि तीन वर्षांनी बदलायचा, दुरुस्त करत बसायचा नाही, कारण रिवाइंडिंगलाच अडीच हजार जातात.

तुमचं तसं नाही. पायथ्याचं घर म्हणजे ओघ महिनोन्‌महिने आणि खाली वडिलांची पुस्तकं. तुमच्या जागी मी एक 28,000 चा घेणार नाही. दहा-बारा हजारांच्या टप्प्यातले, अर्ध्या एचपीचे, दोन सील आणि कॉपर वाइंडिंगचे दोन पंप घेईन. किर्लोस्कर, केएसबी, सीआरआय अशा ज्या कंपन्यांचे सुटे भाग पुण्यात मिळतात, त्यांतलेच. दोघांना वेगळे फ्लोट, वेगळे एनआरव्ही, दुसऱ्याचा फ्लोट पहिल्यापेक्षा 15 सेंटिमीटर उंच. पहिला अडकला, जळला किंवा कमी पडला, तर पाणी दुसऱ्याला उठवतं. दर महिन्याला दोघांच्या जागा बदला, नाहीतर दुसरा नुसता बसून जाम होतो. त्याच्याही वर एक साधा फ्लोट लावा, त्याला बॅटरीवरचा भोंगा, आणि भोंगा वरच्या मजल्यावर. एक कितीही महागाचा पंप असो, तो एकच असतो.

28,000 चा कधी? घर आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल, ओघ मोजून मिनिटाला 30-40 लिटरच्या वर निघाला असेल, किंवा खड्डा काही केल्या मोठा करता येत नसेल आणि पंपाला आतच बसवलेला अरुंद फ्लोट हवा असेल, तर घ्या. तेव्हाही सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचारा आणि मागे एक मध्यम पंप ठेवाच.

वीज. जोराचा पाऊस आणि वीज जाणं हे आपल्याकडे बरोबरच येतं. घरातला 900 व्हीएचा इन्व्हर्टर अर्ध्या एचपीचा पंप चालवेल या भरवशावर राहू नका. चालताना तो पाच-सहाशे वॅटच घेतो, पण सुरू होतानाच्या झटक्याला इन्व्हर्टर मान टाकतो. त्यासाठी 2,000 व्हीएच्या आसपासचा लागतो आणि तो वरच्या मजल्यावर हवा. पंपाला वेगळी लाइन, वेगळा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग द्या. बाकी घराबरोबर एकच आरसीसीबी असेल, तर गीझरच्या लीकेजने तो पडेल आणि पंपही बंद. आणि पाणी साचलेल्या तळघरात कोणीही उतरू नका, आधी वरून मेन बंद करा. मीटर आणि मेन तळघरातच असतील, तर पाऊस सुरू व्हायच्या आत ते वर हलवून घ्या. पंपाच्या खर्चाआधी हा खर्च करा.

पंपाची मर्यादाही सांगतो. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली, तेव्हा कुठल्याही घरगुती पंपाचं तिथे काही चाललं नसतं. वरून लोटणारं पाणी जिन्याच्या तोंडाशी उंच उंबरा घालूनच अडवायचं. आणि तळघर भरलंच, तर दोन पंप लावून तासाभरात रिकामं करण्याची घाई करू नका. भिंतीबाहेरच्या भरीत पाणी तितकंच उंच असतं आणि 1 मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरला 1 टन असतो. आतलं पाणी एकदम काढलं, तर फरशीखालची स्लॅब उचलली जाते, भिंतीला तडे जातात. दिवसाला एक तृतीयांश एवढंच उपसा आणि बाहेरची पातळी उतरू द्या. उपसलेलं पाणी पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नको, आणि भिंतीपासून इतकं लांब सोडा की ते भरीतून फिरून परत खाली येणार नाही.

येत्या संततधारेत पट्टी लावून मोजा. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, 10 सेंटिमीटर चढायला लागलेली मिनिटं, पाइपचा इंच आणि बाहेर तोंड किती लांब आहे, एवढे आकडे कळवा. मग कुठल्या कर्व्हचा पंप घ्यायचा ते मी नेमकं सांगतो. तोवर पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवरून वर हलवा.